मॉडेल रेल्वेचे चकचकीत डबे मुद्दाम ‘गंजवतात’ कशासाठी? भंडारा जिल्ह्यातून जाणाऱ्या गाड्यांवरून समजून घ्या

दुकानातून आणलेला मॉडेल रेल्वेचा डबा नवाकोरा असतो. रंगावर ओरखडा नाही, छतावर काजळी नाही, दाराखाली पाण्याचा ओघळ नाही. आणि नेमका त्यामुळेच तो खेळणं वाटतो.

हा छंद जोपासणारे लोक अशा नव्या डब्यावर तासन्‌तास बसून धूळ, गंज, काजळी आणि फिकटलेला रंग चढवतात. या कामाला ‘वेदरिंग’ म्हणतात. वेदरिंग म्हणजे नुसता डबा मळवणं असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो डबा किती वर्षांचा आहे, कशाचा बनला आहे, कोणत्या मार्गावर धावला आणि त्यातून काय वाहून नेलं, हे सगळं त्या मळातून दिसावं लागतं.

हे समजून घ्यायला भंडारा जिल्हा चांगली जागा आहे. मुंबई-हावडा मुख्य मार्ग या जिल्ह्यातून जातो. प्रवासी गाड्या, कोळसा, पोलाद, मँगनीज आणि कंटेनर असं जवळपास सगळं काही इथल्या रुळांवरून जातं.

थोडक्यात काय?

• डिटेलिंग म्हणजे मॉडेलवर कंपनीने न दिलेले बारीक भाग बसवणं. वेदरिंग म्हणजे त्यावर वय आणि वापराच्या खुणा उमटवणं.
• प्रत्येक डब्याचा मळ वेगळा असतो. कोळशाच्या वाघिणीचा मळ प्रवासी डब्यावर शोभत नाही.
• जुन्या आयसीएफ डब्याला गंज लागतो, एलएचबी डब्याची भिंत स्टेनलेस स्टीलची असते. हा फरक न कळल्याने अनेक मॉडेल फसतात.
• आयसीएफ डब्यांचं उत्पादन २०१८ मध्ये थांबलं आहे. ते रुळांवर आहेत तोवर त्यांची नोंद करून ठेवायला हवी.

मापाचं गणित काय असतं?

मॉडेल रेल्वेत सर्वाधिक वापरलं जाणारं माप म्हणजे ‘एचओ’. यात खऱ्या वस्तूच्या ८७ पट लहान प्रतिकृती असते. रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर असतं.

आता खऱ्या गाड्या या मापात किती मोठ्या होतात ते पाहा :

• आयसीएफ प्रवासी डबा : प्रत्यक्षात सुमारे २१.३ मीटर, मॉडेलमध्ये सुमारे २४५ मिलिमीटर
• एलएचबी प्रवासी डबा : प्रत्यक्षात सुमारे २३.५ मीटर, मॉडेलमध्ये सुमारे २७० मिलिमीटर
• कोळशाची ‘बॉक्सएन’ वाघीण : कपलरसह सुमारे १०.७ मीटर, मॉडेलमध्ये सुमारे १२३ मिलिमीटर
• ४० फुटी कंटेनर : सुमारे १२.२ मीटर, मॉडेलमध्ये १४० मिलिमीटर
• २० फुटी कंटेनर : सुमारे ६ मीटर, मॉडेलमध्ये ७० मिलिमीटरच्या आत

इथे भारतीय गाड्यांची एक अडचण आहे. १६.५ मिलिमीटरचा रूळ हा १४३५ मिलिमीटर रुंदीच्या ‘स्टँडर्ड गेज’साठी ठरवलेला आहे. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. ८७ पट लहान केला तर तो १९.३ मिलिमीटर व्हायला हवा. म्हणजे बाजारात मिळणाऱ्या एचओ रुळावर भारतीय डबा ठेवला की खालचा रूळ थोडा अरुंद दिसतो. बहुतेक जण ही तडजोड मान्य करतात.

मापाचा दुसरा परिणाम वेदरिंगवर होतो. मॉडेलवर एक मिलिमीटरचा गंजाचा ठिपका म्हणजे खऱ्या डब्यावर जवळपास नऊ सेंटिमीटरचा डाग. ब्रशचा एक जाड फटकारा प्रत्यक्षात वीतभर रुंद पट्टा होतो. म्हणून वेदरिंगमध्ये जेवढं लहान, तेवढं खरं.

रंगाचंही तसंच आहे. टेबलावरचं मॉडेल ३० सेंटिमीटरवरून पाहणं म्हणजे खरा डबा सुमारे २६ मीटरवरून पाहणं. एवढ्या अंतरावरून गडद रंगही थोडा फिका दिसतो. त्यामुळे जाणकार रंगवणारे शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा शक्यतो वापरत नाहीत. काळ्याऐवजी गडद राखाडी, पांढऱ्याऐवजी मळकट पांढरा.

भंडारा जिल्ह्यात कोणकोणत्या गाड्या दिसतात?

भंडारा शहराचं मुख्य मार्गावरचं स्थानक शहरात नाही, ते वरठीला आहे. त्याचं नाव भंडारा रोड. पुढे तुमसर रोड जंक्शन आणि मग वैनगंगा ओलांडून गोंदियाची वाट. हा भाग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात येतो.

या मार्गाचा इतिहास १८८० च्या दशकापर्यंत मागे जातो. नागपूर-छत्तीसगड रेल्वे म्हणून तो आधी मीटरगेजवर सुरू झाला. नंतर १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केला.

आज या रुळांवर मुंबई-गोंदिया विदर्भ एक्सप्रेस आणि कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेससारख्या प्रवासी गाड्या धावतात. त्यांच्या मधून मालगाड्यांची रांग असते. एका बाजूला नागपूर जिल्ह्यात मौद्याचं आणि दुसऱ्या बाजूला गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याचं औष्णिक वीज केंद्र आहे. वरठीलाच सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे ‘मॉईल’च्या मँगनीज खाणी आहेत. तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारा फाटा याच खनिजपट्ट्यातून जातो.

म्हणजे एकाच जिल्ह्यात काळी, लाल आणि तपकिरी अशी तीन रंगांची धूळ गाड्यांवर बसताना दिसते. वेदरिंग शिकणाऱ्यासाठी हा तयार नमुनासंग्रहच आहे.

आधी डब्याचं वय कसं ओळखायचं?

वेदरिंग ब्रशने सुरू होत नाही, नंबर वाचण्यापासून सुरू होतं.

भारतीय मालवाहू वाघिणीवर ११ आकडी क्रमांक असतो. पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार सांगतात, पुढचे दोन ती कोणत्या रेल्वेच्या मालकीची आहे ते. पाचवा आणि सहावा आकडा म्हणजे बनवल्याचं वर्ष. पुढचे चार आकडे त्या वाघिणीचा स्वतःचा क्रमांक आणि शेवटचा आकडा तपासणीसाठी. पाचव्या-सहाव्या जागी ‘०९’ असेल तर वाघीण २००९ ची.

प्रवासी डब्यावरच्या जुन्या पद्धतीच्या पाच आकडी क्रमांकात पहिले दोन आकडे वर्षाचे असतात. ‘९८’ ने सुरू होणारा डबा १९९८ चा.

पण वयापेक्षाही महत्त्वाची एक तारीख डब्यावर लिहिलेली असते, ती ‘पीओएच’ची. ठरावीक काळाने प्रत्येक डबा कारखान्यात नेऊन पूर्ण उघडतात, दुरुस्त करतात आणि रंगवतात. त्याची तारीख आणि कारखान्याचं संक्षिप्त नाव डब्यावर स्टेन्सिलने लिहितात. म्हणजे २० वर्षं जुना डबाही दोन महिन्यांपूर्वी रंगवलेला असू शकतो. अशा डब्यात खालचा पत्रा ठोकलेला, खड्डे पडलेला दिसतो, पण वरचा रंग ताजा असतो.

मॉडेलवर पीओएचची ताजी तारीख चिकटवायची आणि सगळीकडे गंज दाखवायचा, ही विसंगती जाणकाराला लगेच खटकते.

आयसीएफ आणि एलएचबी : गंज कुठे दाखवायचा, कुठे नाही?

चेन्नईच्या पेरांबूर इथे १९५५ मध्ये इंटिग्रल कोच फॅक्टरी सुरू झाली. तिथे बनलेल्या डब्यांची रचना पुढे सहा दशकं भारतीय रेल्वेची ओळख बनली. आधी ते लालसर तपकिरी रंगात होते. १९९० च्या दशकात निळा रंग आणि खिडक्यांच्या रांगेत फिका निळा पट्टा आला. आज तिशी-चाळिशीत असलेल्या प्रवाशाच्या डोळ्यांसमोर ‘रेल्वेचा डबा’ म्हटलं की हाच निळा डबा येतो. जानेवारी २०१८ मध्ये या कारखान्याने शेवटचा आयसीएफ पद्धतीचा डबा बाहेर काढला. एलएचबी डबे त्यांची जागा घेत आहेत. जर्मन तंत्रज्ञानाचे हे डबे भारतात पहिल्यांदा २००० च्या सुमारास आले.

वेदरिंगच्या दृष्टीने दोघांत मोठा फरक आहे.

आयसीएफ डब्याचं शरीर पोलादी पत्र्याचं. लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज तयार होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो आतून रंगाला ढकलतो. रंगाला फुगे येतात, मग पोपडे सुटतात. हे कुठेही घडत नाही. जिथे पाणी साचतं किंवा रंगाला खरचटलं आहे, तिथेच घडतं : खिडकीच्या खालच्या कडा, दाराचा उंबरठा, शौचालयाच्या आसपासचा पत्रा, भिंत आणि तळ जिथे जुळतात तो जोड.

एलएचबीची भिंत स्टेनलेस स्टीलची. तिथे रंग उडेल, धूळ बसेल, दगडाचे ओरखडे दिसतील. पण भिंतीला गंजाची भोकं पाडणं चूक.

खालच्या भागातही फरक आहे. आयसीएफ डब्यात ब्रेकचे ठोकळे थेट चाकावर दाबले जातात. त्यातून उडणारा लोखंडाचा भुगा गंजतो आणि चाकं, बोगी, तळ सगळं तपकिरी होतं. एलएचबीत ॲक्सलवर डिस्क ब्रेक असतात. त्यामुळे तिथे तपकिरी थर कमी आणि राखाडी धूळ जास्त, असं दाखवणं योग्य.

काळाचा अंदाज देणाऱ्या काही खुणाही आहेत. गेल्या दशकात डब्यांखाली बायो टॉयलेटच्या टाक्या बसल्या. २००५ चा डबा करायचा असेल तर या टाक्या नकोत. तिथे शौचालयाचा उघडा नळ आणि त्याभोवतीचे डाग हवेत. २०२० चा डबा असेल तर टाक्या हव्यातच.

आयसीएफ डब्याचा आणखी एक अवतार मालगाडीत दिसतो. प्रवासी सेवेतून निघालेले डबे मोटारी वाहून नेण्यासाठी बदलले जातात. त्यांना ‘एनएमजी’ म्हणतात. त्यांच्या खिडक्या पत्र्याने बंद केलेल्या असतात, पण चौकटींची जागा ओळखू येते. डिटेलिंग शिकणाऱ्यासाठी हे सोपं मॉडेल आहे : जुना स्वस्त डबा घ्या, खिडक्यांवर पातळ प्लॅस्टिकचे तुकडे चिकटवा, रंगवा.

प्रवासी डबा नेमका कुठे मळतो?

प्रवासी डबे डेपोत धुतले जातात. ब्रश भिंतीवर फिरतो. छत, डब्याची टोकं आणि तळ मात्र तितके स्वच्छ होत नाहीत. म्हणून खऱ्या डब्यावर मळाचा एक नकाशा असतो :

• छत सर्वात मळकट. कडेला पावसाच्या पाण्याने ओढलेल्या रेषा.
• दोन डबे जुळतात तिथली टोकाची भिंत काळपट, तेलकट.
• खिडकीच्या चौकटीभोवती, दाराच्या बिजागऱ्यांपाशी न निघालेला मळ.
• दाराजवळच्या दांड्यांवर रंग झिजून धातू उघडा. तिथे रोज हजारो हात लागतात.
• खिडक्या आणि दारांखाली पान-गुटख्याचे लालसर तपकिरी ओघळ. धावत्या गाडीतल्या वाऱ्याने हे ओघळ तिरपे होतात. गाडी जाते-येते, म्हणून ते दोन्ही दिशांना तिरपे असतात.

हा शेवटचा तपशील परदेशी वेदरिंगच्या कुठल्याच व्हिडिओत सापडणार नाही. भारतीय डबा भारतीय दिसायला तो लागतोच.

मालवाहू वाघिणी : माल तसा मळ

कोळसा : बॉक्सएन ही वरून उघडी, उंच कडांची वाघीण. तिचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा महत्त्वाचा. कोळसा भरताना-काढताना आतला रंग घासून जातो. उघडा पत्रा, गंजाचा पातळ थर आणि कोपऱ्यांत साचलेली काळी भुकटी असं मिश्रण दिसतं. कडा वाकलेल्या, भिंती बाहेरच्या बाजूला किंचित फुगलेल्या असतात. काही नव्या वाघिणी स्टेनलेस स्टीलच्या आहेत. त्यांच्यावर लाल गंज नको, राखाडी-काळा राप हवा.

मँगनीज : तुमसरच्या पट्ट्यातलं हे खनिज काळपट तपकिरी असतं. डोंगरी बुजुर्गचं मँगनीज डायऑक्साइड बॅटरी सेलसाठीही वापरलं जातं. ही धूळ कोळशासारखी निव्वळ काळी नाही आणि गंजासारखी नारिंगीही नाही. गडद तपकिरीत थोडा काळा मिसळून ती छटा मिळते.

लोहखनिज : लालसर, विटकरी. वाघिणीच्या वरच्या कडेवरून खाली सांडल्यासारखी दिसते.

सिमेंट आणि धान्य : बंद ‘बीसीएन’ वाघिणीतून जातात. सिमेंट असेल तर दारांभोवती राखाडी-पांढरा थर. पावसाने तो भिजून कडक होतो, म्हणून तिथे पावडर नाही, पातळ रंगाचे खरखरीत ठिपके द्यावे लागतात.

सगळ्यांत सारखी गोष्ट एकच : चाकांजवळ रुळावरची धूळ खालून वर उडते, तर पाण्याचे ओघळ वरून खाली येतात. या दोन दिशा सांभाळल्या तरी अर्धं काम होतं.

कंटेनर : नवशिक्यांसाठी उत्तम सुरुवात

पहिल्यांदाच वेदरिंग करणाऱ्याने प्रवासी डब्याला हात लावण्याआधी कंटेनर घ्यावा. तो स्वस्त असतो, बिघडला तर हळहळ कमी वाटते आणि चुका खपून जातात.

भारतात रेल्वेने कंटेनर वाहण्याचं काम मोठ्या प्रमाणावर करणारी ‘कॉनकॉर’ ही सरकारी कंपनी १९८८ मध्ये स्थापन झाली. तिचे कंटेनर ‘बीएलसी’ नावाच्या सपाट, बुटक्या वाघिणींवर चढतात. या वाघिणीचा तळ रुळापासून जेमतेम एक मीटर उंच असतो. पाच वाघिणींचा एक संच, असे नऊ संच जोडून ४५ वाघिणींची गाडी बनते. तिच्यावर २० फुटी ९० कंटेनर बसतात.

कंटेनर बहुधा ‘कॉर्टेन’ पोलादाचा असतो. या मिश्रधातूवर गंजाचा घट्ट थर बसतो आणि तो आतल्या धातूला काही प्रमाणात वाचवतो. त्यामुळे कंटेनरवरचा गंज पोपड्यांपेक्षा डागांसारखा, गडद तपकिरी दिसतो. तो प्रामुख्याने चार ठिकाणी असतो :

• आठ कोपऱ्यांचे ओतीव ठोकळे. क्रेन इथेच पकडते, म्हणून रंग सर्वात आधी इथे जातो.
• खालची कडा.
• दारावरच्या उभ्या कड्या आणि त्यांच्या कुलपांची जागा.
• छतावरचे खड्डे, जिथे पाणी साचतं.

लाल कंटेनर उन्हात फिका पडून गुलाबीसर, खडूसारखा होतो. मालक बदलला की जुनं बोधचिन्ह रंगाने झाकतात, पण त्याची आकृती खालून पुसट दिसत राहते. मॉडेलवर हे दाखवण्यासाठी बोधचिन्हाच्या जागी मूळ रंगाचीच थोडी उजळ छटा आयताकृती लावतात.

कंटेनरवरचा क्रमांक चार अक्षरं, सहा आकडे आणि चौकटीत एक तपासणीचा आकडा असा असतो. अख्ख्या गाडीवर एकच क्रमांक परत परत दिसणं, ही दुकानी कंटेनरची ओळख. एखादा आकडा बदलला तरी फरक पडतो.

प्रत्यक्ष काम कसं करतात?

१. फोटो समोर ठेवा. आठवणीवर काम केलं की हात सगळीकडे सारखाच गंज देतो. एक डबा, एक फोटो.

२. धुऊन घ्या. साच्याचं तेल किंवा बोटांचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण पुरतो.

३. आधी डिटेलिंग. दारांच्या दांड्या ०.३ ते ०.४ मिलिमीटरच्या पितळी तारेच्या करतात. छापील दांड्या कापून तिथे बारीक भोकं पाडून तार बसवतात. मग ब्रेकचे पाइप, पायऱ्या, बॅटरी बॉक्स, खिडक्यांचे आडवे गज. गज, जाळ्या यांसारखे फार बारीक भाग पितळी पत्र्यावर रसायनाने कोरलेले मिळतात. पितळकामासाठी नावाजलेल्या भंडाऱ्याच्या लोकांना या धातूची ओळख करून द्यायला नको.

४. रंग आणि अक्षरं. देवनागरी नावं आणि क्रमांक ‘डीकॅल’वर छापतात. साधा घरगुती प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, ही मोठी अडचण. उपाय म्हणजे पांढऱ्या पार्श्वभूमीच्या डीकॅल कागदावर डब्याचाच रंग छापून अक्षरांची जागा कोरी ठेवणं. डीकॅल लावण्याआधी चकचकीत वॉर्निश द्यावं, नाहीतर कडांना हवा धरते.

५. वॉश. भरपूर पातळ केलेला तपकिरी-काळा रंग सगळीकडे लावून लगेच चपट्या ब्रशने वरून खाली पुसतात. रंग फटीत राहतो, सपाट भाग मोकळा होतो. ओघळ आपोआप उभे पडतात.

६. रंग उडालेले भाग. स्पंजचा बारीक तुकडा गडद तपकिरी रंगात बुडवून, कागदावर टिपून मग कडांवर हलकेच टेकवतात. मोठे पोपडे हवे असतील तर जुनी युक्ती : खाली गंजाचा रंग, त्यावर हेअरस्प्रे, त्यावर डब्याचा जलरंग. वाळल्यावर पाणी लावून खरवडलं की वरचा रंग सुटतो आणि खालचा गंज दिसतो.

७. ड्राय ब्रश. जवळपास कोरड्या ब्रशने फिकट रंग उंचवट्यांवर घासतात. रिव्हेट, कडा, बोगीचे स्प्रिंग उठून दिसतात.

८. मॅट वॉर्निश आणि पावडर. शेवटी मॅट वॉर्निश, मग धुळीसाठी कोरडी रंगपूड मऊ ब्रशने. हाताळणी होणार असेल तर वरून आणखी एक हलका मॅट थर.

पावसाळ्यात विदर्भातली दमट हवा वॉर्निशवर पांढुरकी झाक आणते. त्यामुळे स्प्रेचं काम कोरड्या दिवशी करणं चांगलं.

महागडं साहित्य लागतंच का?

नाही. खडूसारखे कोरडे पेस्टल पॉलिश पेपरवर घासले की उत्तम रंगपूड मिळते. बारीक चाळलेला गेरू गंजाच्या छटेसाठी चालतो. जुना मेकअप ब्रश पावडर लावायला आणि भांडी घासायचा स्पंज ओरखड्यांसाठी वापरता येतो. एअरब्रश असेल तर धूळ आणि फिकटपणा सफाईने येतो, पण सुरुवातीला तो नसला तरी अडत नाही.

एक गोष्ट मात्र टाळावी. खाणीजवळची खरी धूळ आणून वापरू नये. तिचे कण मापाच्या मानाने जाड दिसतात. शिवाय मँगनीजची धूळ श्वासातून शरीरात जाणं मज्जासंस्थेला घातक असतं. पेस्टल किंवा गेरू वापरतानाही मास्क लावावा आणि थिनर, स्प्रे यांचं काम खिडकी उघडी ठेवून करावं.

हमखास होणाऱ्या चुका

• गंज भडक नारिंगी देणं. नारिंगी म्हणजे ताजा गंज. तो ठिपक्यापुरताच असतो. जुना गंज गडद तपकिरी.
• गाडीतल्या सगळ्या डब्यांना सारखाच मळ देणं. खऱ्या गाडीत कालच रंगवलेला डबा कळकट डब्याशेजारी जोडलेला असतो.
• भिंती मळवून चाकं चमकती ठेवणं. खऱ्या चाकाचा रुळाला लागणारा भागच तेवढा चकाकतो, बाकी चाक तपकिरी.
• थांबायचं कुठे ते न कळणं. एक थर देऊन रात्रभर ठेवावं, सकाळी उजेडात पाहावं. आणखी मळ कधीही देता येतो, काढणं अवघड.

जे आता रुळांवर दिसत नाही

१ मे १९९९ ला गोंदिया वेगळा जिल्हा झाला. त्याआधी गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होतं आणि तिथून सातपुड्यात नैनपूर-जबलपूरकडे ७६२ मिलिमीटर रुंदीची नॅरोगेज गाडी जात होती. तो मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. इतवारी-नागभीड ही नॅरोगेज गाडीही नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. पवनीचं नाव असलेलं पवनी रोड स्थानक याच मार्गावरचं. ज्या गाडीने दोन-तीन पिढ्या बाजाराला गेल्या, ती आता तिथे दिसत नाही.

इथे मापाचं गणित मॉडेल करणाऱ्याच्या बाजूने आहे. ७६२ मिलिमीटर ८७ पट लहान केले की ८.८ मिलिमीटर होतात आणि बाजारात ९ मिलिमीटरचा रूळ सहज मिळतो. ब्रॉडगेजमध्ये करावी लागणारी तडजोड नॅरोगेजमध्ये जवळपास लागतच नाही. अडचण वेगळीच आहे. त्या डब्यांचा रंग नेमका कुठे उडाला होता, पायऱ्या किती झिजल्या होत्या, बाकांच्या कडा कशा होत्या, हे सांगणारे जवळून काढलेले फोटो कमी आहेत. लोकांनी इंजिनाचे फोटो काढले, निरोपाच्या गर्दीचे काढले. डब्याच्या तळाचे किंवा टोकाच्या भिंतीचे फोटो कोण काढणार?

नागपूरच्या मोतीबाग इथलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय त्यामुळे मोलाचं आहे. १४ डिसेंबर २००२ ला सुरू झालेल्या या संग्रहालयात खरे डबे आणि इंजिनं जवळून पाहता येतात, मापं घेता येतात. फक्त एक लक्षात ठेवावं : संग्रहालयातला डबा नव्याने रंगवलेला असतो. आकार तिथून मिळेल, मळ नाही. चालती मॉडेल रेल्वे पाहायची असेल तर पुण्यात भाऊ जोशी यांनी उभं केलेलं जोशी म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वे आहे. ते १ एप्रिल १९९८ ला लोकांसाठी खुलं झालं.

निळ्या आयसीएफ डब्यांच्या बाबतीत अजून वेळ गेलेली नाही. फोटो काढताना या गोष्टी टिपल्या तर पुढे कुणालाही त्यावरून मॉडेल करता येईल :

• डबा समोरून, सरळ रेषेत, दोन्ही टोकं दिसतील असा
• क्रमांक आणि पीओएचची तारीख वाचता येईल असा जवळचा फोटो
• पादचारी पुलावरून छत
• टोकाची भिंत आणि दोन डब्यांमधला जोड
• फलाटावरून दिसेल तेवढा तळाचा भाग, बोगी आणि ब्रेक
• दार, उंबरठा आणि हाताच्या दांड्यांचा झिजलेला भाग

फोटोसाठी फलाट किंवा पादचारी पूल पुरतो. जिथे मनाई आहे तिथे काढू नये आणि रुळांवर उतरू नये. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत बेकायदा शिरणं हा गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.